नाव ठेवणारे सर

बोईसरच्या बाजारात सडकी भाजी मागून घेणारा आणि वर चांगल्या भाजीचा भाव देणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे सर. त्यांची सायकल वळणावर दिसली की भाजीवाल्या एकमेकींना हाका घालायच्या, "गो, सर आला! सडका काढा, सडका!" मग टोपल्यांच्या तळाशी दडपलेली डागाळ वांगी, काळे ठिपके पडलेल्या मिरच्या, लव आलेले टोमॅटो सन्मानाने वर यायचे. सर उकिडवे बसून एकेक फळ नाकाजवळ नेत. एखादं पसंत पडलं नाही तर परत ठेवत. "हे नको. हे चांगलं आहे."

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. कॉलेज पालघरकडे, नवऱ्याची नोकरी बोईसरच्या एका कारखान्यात, आणि माझं नाक पुण्यात. एम.एस्सी. फर्स्ट क्लास होते ना! शिवाय केस कुरळे करून घेतले होते. त्या दमट हवेत त्यांचं काय व्हायचं ते सांगत नाही, एवढंच सांगते की सर पहिल्याच दिवशी माझ्या डोक्याकडे निरखून बघत म्हणाले, "वाढ चांगली आहे. कशावर केली?"

पहिल्याच आठवड्यात मी माझी विद्वत्ता उधळली. बोईसरच्या एका शेताच्या बांधावरून मी भेंडीची पानं आणली, त्यांवर तांबूस भुकटी होती. वर्गात सगळ्या पोरांसमोर जाहीर केलं, "हा तांबेरा. बुरशीजन्य रोग. लक्षणं अगदी पुस्तकासारखी." सरांनी पान घेतलं, बोट ओलं केलं, पानावर फिरवलं आणि ते बोट माझ्या पांढऱ्या रुमालाला पुसलं. रुमाल गुलाबी झाला. "पुणेबाई," सर म्हणाले, "हा रंगाच्या कारखान्याचा तांबेरा. याला औषध आपल्याकडे नाही."

पोरं हसली. मी घरी जाऊन रडले. नवरा म्हणाला, "रुमालाचा रंग छान आलाय." अशा माणसाबरोबर मी पुढे तीस वर्षं काढली, पण तो वेगळा विषय.

सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "रूप ही पहिली अफवा." बुरशीच्या बाबतीत ते बोलायचे, पण लागू कशालाही करायचे. ते मूळचे कुठले, कुणालाच नीट माहीत नव्हतं. लग्न केलं नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा खोली शोधत होते, एका घरमालकाने विचारलं, "जात कोणची?" सरांनी वर बघितलं. छताला ओल होती. म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या बुरशीची विचारताय ना? सांगतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली घालावी लागेल. नुसतं तोंड बघून जात सांगणाऱ्यांतला मी नव्हे." खोली अर्थातच मिळाली नाही.

ती मिळाली पाम गावात, काशीबायकडे. काशीबायची मिरचीची वाडी होती, अंगणात दोरीवर बोंबील वाळत असायचे. तिने जात विचारली नाही. विचारलं, "मासळीचा वास चालंल?" सरांनी विचारलं, "बुरशीचा चालेल?" झाला करार. मागच्या खोलीत सर, पुढच्या पडवीत काशीबाय, अशी वर्षामागून वर्षं गेली. ती त्यांना पेज द्यायची, ते तिला वाडीतल्या रोगांची खबर द्यायचे. दोघांना एकमेकांवर रागवायची मुभा होती. गावातल्या पोरांना वाटायचं की ते तिचे थोरले भाऊच.

आता त्या मिरचीकडे येते.

एका पावसाळ्यात काशीबायच्या मिरच्यांवर डाग पडले. खोलगट, आणि आत काळ्या टिंबांची गोल गोल रांगोळी. हा रोग जुनाच. पण सरांना त्यात काहीतरी वेगळं दिसलं. बुरशीचं बी म्हणजे बीजाणू, ते या बुरशीत चंद्रकोरीसारखं असतं. सरांनी काचेच्या नळीत वाढवलेल्या बुरशीची चंद्रकोर पुस्तकातल्यापेक्षा चांगलीच लांब आणि गुबगुबीत निघाली. त्यांनी मापं काढली, चित्रं काढली, पुन्हा मापं काढली. मी बाजूला उभी राहून "हो सर, लांब आहे सर" म्हणत होते. सूक्ष्मदर्शकातून मला अर्धा वेळ माझ्याच पापण्या दिसत होत्या, पण हे कबूल करायला मी काय वेडी होते?

शेवटी सरांनी परदेशातल्या एका नियतकालिकात निबंध छापून आणला. नवी जात! कुळाचं नाव जुनंच, त्यापुढे 'पामेन्सिस', म्हणजे पामची. हजारो बुरश्या ओळखणाऱ्या या माणसाची स्वतः शोधलेली, स्वतः नाव ठेवलेली ही एकुलती एक. ते गर्विष्ठ नव्हते असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत ते फळ्यावर तारीख लिहितानासुद्धा अक्षर वळणदार काढायचे.

गावाने सत्कार केला. शाळेच्या पटांगणात शाल, नारळ, लाउडस्पीकर. भाषण मी लिहून नेलं होतं: "आज पाम गावाचं नाव जगाच्या नकाशावर झळकलं आहे!" रेशमी साडीत, घामाने निथळत, हात उंचावून. सरपंचांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की मला वाटलं, आता माझाच पुतळा उभारतात. बायकांना मात्र खरा मुद्दा कळला होता. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी बुरशीचा बारसा हाय तर! मंग कानात नाव सांगायला आत्या कोन?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी पामेन्सिसची आत्या. पुढे बाजारात बायका मला "आत्याबाय" म्हणूनच हाक मारायच्या. मी पुणेरी चेहरा करून पुढे निघून जायची.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचा फरक आहे. तो फरक आम्हाला पुढच्या हंगामात कळला.

जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाने सत्काराची बातमी छापली, आणि मथळा दिला: 'मिरचीवर पामचा रोग'. झालं. बोईसरच्या बाजारातल्या मोठ्या शेठने, जो ट्रकभर मिरची उचलायचा, ते पान गल्ल्यावर चिकटवलं. पामच्या बायका पोती घेऊन आल्या की तो म्हणायचा, "पाम का माल? नहीं चलेगा. पेपर में छपा है. खुद तुम्हारे प्रोफेसर ने लिखा है." त्याचं बघून छोट्यांनीही पोती परतवली. एकाच बांधाच्या अलीकडची मिरची रोगट आणि पलीकडची निरोगी, कारण बांधाच्या पलीकडे गावाचं नाव वेगळं. मिरच्या पोत्यात तापून पिवळ्या पडायला लागल्या.

त्या संध्याकाळी मी पामला गेले होते, सरांच्या काही काचपट्ट्या पोचवायला. काशीबाय पडवीत पाय पसरून बसली होती. समोर उघडं पोतं.

"आत्याबाय आली," ती म्हणाली. "या. बघा तुमच्या भाचीचे परताप."

सर उंबऱ्यावर उभे होते.

"सर," काशीबाय म्हणाली, "तुमी नाव ठेवला, लोकं नावां ठेवतात. आमचा अख्खा गाव बदनाम झाला. मी अडानी, मला तुमचा इंग्लिस नाय कलत. पन घरात एक तर तुमची ती बुरशी र्‍हाईल, नायतर आमची मिरची. दोगी नाय र्‍हानार. ती पोर लाडकी असंल तं तिला घेऊन दुसरी खोली बघा."

मला वाटलं, सर काहीतरी समजावतील. ते फक्त म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी माझा तोडगा मांडला. "सर, नाव बदलून टाकू! गावाचं नाव काढून दुसरं काही ठेवू. एखाद्या फुलाचं वगैरे."

"पुणेबाई, हे काही मांजराचं नाव नाही. शास्त्रात एकदा ठेवलेलं नाव आपल्या सोयीसाठी बदलता येत नाही. जात खरी असेल तर नाव राहणार. खोटी असेल तर जाणार. मधे काही नाही."

"पण जात तर खरीच आहे. तुम्ही मोजलीय."

"मी रूप मोजलंय," सर म्हणाले.

सरांची एक जुनी विद्यार्थिनी होती सुनंदा, मासवणची. ती मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होती, आणि तिथे नुकतंच ते नवीन तंत्र आलं होतं. आता नातीला शाळेत शिकवतात, तेव्हा मला ते जादूटोण्यासारखं वाटलं होतं. बुरशीच्या पेशीतला डीएनएचा धागा काढायचा, त्यातला एक ठरावीक तुकडा वाढवायचा, आणि त्यावरची अक्षरं वाचायची. चारच अक्षरं, पण रांग लांबच लांब. सख्ख्यांची रांग जवळजवळ सारखी, परक्यांची वेगळी. रूपाचा संबंध नाही. दिवाळीत सुनंदा घरी आली की तिच्याबरोबर पामेन्सिसच्या नळ्या पाठवायच्या, आणि सोबत त्याच रोगाच्या इतर ठिकाणच्या बुरश्या, असं सरांनी ठरवलं.

मी घाबरले. "सर, खोटी निघाली तर?"

"तर काशीबाईंची मिरची विकली जाईल."

"आणि खरी निघाली तर?"

"तर मी खोली शोधीन."

"पण तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?"

सरांनी दाराकडे बोट दाखवलं. दाराबाहेर आमच्या चपला होत्या. "व्हावंसं वाटणं तिथे काढून ठेवायचं, मग आत यायचं."

हे वाक्य ऐकून मला भरून आलं होतं. पण खरं सांगू? ज्या दिवशी सुनंदा नळ्या डब्यात घालून घेऊन गेली, त्या दिवशी सरांनी तिला तीनतीनदा थांबवलं. बूच घट्ट आहे ना. ऊन लागू देऊ नकोस. एकदा तर नुसतंच, "सुनंदा," आणि पुढे काही नाही. मुलगी सासरी पाठवताना बापाचं होतं तसं. चपला दाराबाहेर होत्या, पण सर अनवाणी काही नव्हते.

काशीबायला त्यांनी सगळं सांगितलं होतं. हे त्यांचं मला फार आवडायचं, की ते कुणाला कमी समजावून सांगत नसत. धागा, अक्षरं, सख्खे, परके. काशीबायने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी एवढी वर्सां भिंग लावून बघितला तो फुकट?"

"फुकट नाही. पण हे बघा," सरांनी दोरीवरचा एक बोंबील काढला. "ओला बोंबील कसा असतो? लिबलिबीत, पांढरा, काचेसारखा. आणि हा? लाकूड. ज्याने आयुष्यात मासा पाहिला नाही त्याला दोन्ही दाखवले तर तो काय म्हणेल?"

"दोन मासं बोलंल."

"आणि तुम्ही?"

"मी त्याला येडा बोलीन."

"तसा मी कदाचित येडा असेन. ते बघायला पाठवलंय."

काशीबाय हसली नाही. पण बोंबील हातातून घेताना म्हणाली, "निकाल येईस्तवर खोली र्‍हाऊं दे."

निकालाचा फोन बोईसरला स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर यायचा होता. बूथवाल्याला सांगून ठेवलं होतं. सर आणि मी बाहेर बाकावर. आत-बाहेर माणसांची रीघ, कारखान्यांतले कामगार गावाकडे फोन लावायला उभे. फोन आला. सर आत गेले आणि ओरडायला लागले. त्यांची समजूत अशी की मुंबई लांब आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं.

"एकच? ... अगदी एकच? ... सगळ्या अक्षरांत? ... गुजरातची, नाशिकची, आपली, सगळी एकच!"

रांगेतला एक जण मला म्हणाला, "बहनजी, लड़का हुआ क्या?"

मी काय सांगणार? भाची वारली म्हणू?

आतून सर म्हणाले, "कशावर वाढवली होती म्हणतेस? कोनफळावर."

मी उठून काचेला नाक लावलं. तर ती कथा अशी होती. बुरशी नळीत वाढवायची तर जगभर बटाट्याच्या अर्कात साखर आणि वाण्याकडचं चायना ग्रास घालतात. सरांचं म्हणणं, इथल्या बुरशीला इथलं खाणं घालावं. त्या पावसाळ्यात काशीबायच्या परसात जांभळं कोनफळ मस्त पोसलं होतं. सरांनी ते उकडलं, गाळलं आणि अर्क वापरला. निबंधात 'कंदाचा अर्क' असं लिहिलं. छापणाऱ्यांना वाटलं बटाटा. इतर ठिकाणची बुरशी बटाट्यावर, आणि पामची कोनफळावर! सुनंदाने तीच पामेन्सिस बटाट्यावर वाढवून पाहिली, तर चंद्रकोर पुस्तकातल्याएवढीच निघाली. तिची जात वेगळी नव्हतीच. ती फक्त चांगली जेवलेली होती.

बूथमध्ये सर हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढावा लागला. रांगेतली माणसंही हसायला लागली, कशाला ते कुणाला ठाऊक. बाहेर येऊन त्यांनी समोरच्या दुकानातून पेढे घेतले आणि रांगेत वाटले. "काय झालं साहेब?" कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "माझी जात गेली." त्या माणसाने हातातला पेढा तसाच धरला, खावा की न खावा त्याला समजेना.

परतताना ते सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "पुणेबाई, उद्या वर्गात बुरशीचं प्रकरण आहे. फळ्यावर पामेन्सिस लिहीन, आणि पोरांसमोर पुसीन. तुम्ही या."

मी गेले. त्यांनी लिहिलं. पुसताना त्यांचा हात थांबला नाही. मी मात्र रुमाल विसरले होते आणि ते फार नडलं.

पुढे त्यांनी निबंध लिहिला. पहिलं नाव सुनंदाचं, दुसरं यांचं, आणि निष्कर्ष एवढाच, की अमुक साली अमुक लेखकाने वर्णन केलेली जात स्वतंत्र नाही. तो अमुक लेखक म्हणजे हे स्वतः. या शास्त्रातले इतर विद्वान दुसऱ्यांनी ठेवलेली नावं बुडवायला टपलेले असतात. स्वतःचं नाव स्वतः बुडवून वर सही करणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

पाममध्ये बातमी पोचली तेव्हा सरपंच मात्र खट्टू झाले. "म्हणजे आमचा रोगसुद्धा आमचा नाही?" सरांनी शाल घडी करून परत नेली होती. सरपंच म्हणाले, "राहू द्या हो, थंडीत लागते."

पण शास्त्रात नाव बुडलं म्हणून बाजारात बुडत नाही. पुढच्या बाजाराला सर, काशीबाय आणि तिच्या आळीतल्या बायका पोती घेऊन शेठच्या गल्ल्यासमोर उभ्या राहिल्या. मीही होते. साप्ताहिकाचं पान अजून चिकटलेलंच.

"शेठ," सर म्हणाले, "पामचा रोग असा काही नाही. ती माझी चूक होती."

शेठ हुशार माणूस. "सर, पहले आप बोले रोग है. आज बोलते नहीं है. मी कुठल्या सरांवर विश्वास ठेवू?"

गर्दी जमली. मला वाटलं, संपलं. सर म्हणाले, "रोग आहे. पामचा नाही, एवढंच. पहिल्या वेळी मी नुसतं बघितलं होतं. या वेळी त्या बुरशीलाच विचारलं." आणि वाकून त्यांनी शेठच्या मागच्या, गुजरातहून आलेल्या पोत्यात हात घातला. सडकं शोधण्यात त्यांचा हात कोण धरणार! क्षणात मिरची वर काढली. खोलगट डाग, आत काळी रांगोळी. दुसऱ्या हाताने काशीबायच्या पोत्यातली तशीच एक काढली. दोन्ही शेठच्या तळहातावर ठेवल्या. "सांगा, पामची कुठली?"

शेठने उलटसुलट करून पाहिलं. मागून एक बाई म्हणाली, "शेठ, वास घेऊन बघ, गुजराती बोलंल!" हशा पिकला. शेठही हसला. मग त्याने गल्ल्यावरचं पान नखाने खरवडून काढलं आणि हमालाला हाक मारली, "उतारो. पाम का भी उतारो."

पोती आत जायला लागली. सर एका बाजूला उभे राहून ती बघत होते. काशीबाय पदराने हात पुसत त्यांच्याजवळ आली.

"सर, वाईट वाटला?"

"वाटलं तर. एवढी एकच होती."

काशीबाय म्हणाली, "मंग परत सोधा. पन येक सांगते. पुढच्या टायमाला नवीन रोग गावला, तं आमच्या गावाचा नाव नको. तुमच्या गावाचा द्या."

सरांनी मनापासून विचार केला. कपाळाला आठ्या घालून, निबंध लिहिताना करायचे तसा.

"मग पंचाईत आहे, काशीबाय," ते म्हणाले. "मला कुणी गाव विचारलं, तर मी पामच सांगतो."

काशीबायने कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला आपली रिकामी पोती बांधली आणि म्हणाली, "मंग काय सोधूच नका. चला घरी."